कोकरू बोलायलंय

हुमनाबाद मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, हावगेप्पानं वरचा गिअर टाकला आणि कोकरू बोललं नाही. बाणूबाईनं कानावरचा पदर मागं सारला. वाऱ्यानं ऐकू येत नसेल म्हणून तिनं काच वर केली. अँबॅसडरची ती काच फिरवायला मनगटात जीव लागतो, अर्ध्यावर येऊन अडते, मग तळहातानं वर रेटावी लागते. तरी नाही. मागून स्प्रिंगच्या पाट्यांचं कण्हणं चालू होतं, डाव्या दाराची खळखळ चालू होती, इंजिन आपलं गुरगुरत होतं, म्हणजे घरची सगळी माणसं जागच्या जागी होती. फक्त समोरच्या फळीच्या आतून येणारं ते एक केसाएवढं बारीक ‘ईं ईं’ तेवढं नव्हतं. तिनं हावगेप्पाकडं बघितलं. तो नेहमीच्या निर्विकार तोंडानं पुढं बघत होता. सरकारी बसवर हयात काढलेला माणूस. रस्त्याकडेला कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी ह्याचा पाय ब्रेकवर जातो, आणि मग बाणूबाईला ओरडावं लागतं, ‘तिकीट फाडायलास का त्याचं?’ आत्ताही तिच्या ओठावर आलं होतं, की गाडी आज अशी कामून गप हाय म्हणून. पण ती विचारणारी बाई नव्हती. लोक तिला विचारत. पोरगी द्यायची तर पोराला तिच्या ओसरीवर आणून बसवत, दोन गोष्टी बोलायला लावत, आणि तो गेल्यावर तिच्या तोंडाकडं बघत. ती म्हणायची, ‘आवाजात खोट हाय,’ की झालं, तिथं सोयरीक मोडायची. तिनं विचारायचं ते कुणाला? ह्याला, हावगेप्पाला? तिनं ओठ मिटले आणि मन्नाएखेळ्ळी येईपर्यंत मिटलेलेच ठेवले.

ही गाडी तिच्या नवऱ्यानं, इरप्पानं, कलबुर्गीच्या एका डॉक्टराकडून आणली होती. डॉक्टर तिच्या आवाजांना वैतागला होता. म्हणत होता, रोग्यांचं कण्हणं ऐकायचं दवाखान्यात आणि रस्त्यात हिचं. इरप्पाला त्यात वैतागण्यासारखं काय आहे हेच कळेना. त्याच्या बापानं जन्मभर खजुरीच्या माळावर मेंढरं फिरवली, पोरानं मेंढरांचा व्यापार धरला, पण कान बापाचेच. धनगराच्या कळपात घंट्या उगाच बांधत नाहीत. एकेक घंटी वाजवून, कानाजवळ धरून, नको ती परत टाकून, एकमेकीशी जुळणाऱ्या निवडून बांधतात. मग डोळे मिटून माणूस सांगतो, कोण चरतंय, कोण बसलंय, कोण लंगडतंय. गाडी आणल्यावर पहिला महिनाभर इरप्पानं तेच केलं. मान जरा डावीकडं झुकवून तो तिला चालवायचा आणि मध्येच म्हणायचा, ‘हे कण्हणं हाय. हे नुसतं बोलणं हाय.’ कण्हत असेल त्याच्यावर इलाज करायचा. दारात जुन्या घोंगडीचा तुकडा ठासायचा, बिजागरीला एरंडेल सोडायचं, सामानाच्या खणात मेंढीची लोकर कोंबायची. नुसतं बोलत असेल त्याला बोलू द्यायचं. मागच्या पाट्यांचं नाव त्यानंच बोकड ठेवलं. दाराच्या खळखळीला बाणूबाईनं जाऊबाई म्हटलं, कारण मोठी जाऊ अशीच काही कारण नसताना खळखळायची. आणि ते फळीतलं बारीक, हुमनाबादच्या पुढं गाडीनं चांगला वेग धरला की जागं होणारं, ते कोकरू. आईपासून जरा लांब गेलं की घाबरून रडतं तसं. इरप्पा मग वेगाच्या काट्याच्या काचेवर दोन बोटं टकटक करायचा, ते क्षणभर थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. ‘काय म्हणतंय गं तुझं कोकरू?’ तो विचारायचा. तुझं, म्हणायचा. का तिचं, ते त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. तसा तो बोलणारा माणूस नव्हता. दिवस दिवस घरात असला तरी भिंतीला एक भिंत जास्त आहे असं वाटायचं. पण ह्या रस्त्यावर, बरोबर इथं, तो हे एक वाक्य बोलायचा, आणि ती म्हणायची, ‘तुम्हालाच हाका मारायलंय, मला काय विचारता.’ सगळ्या संसारात मिळून त्यांचं एवढंच गोड बोलणं झालं असेल. बाकी सगळं पाऊसपाणी आणि मेंढरांचे भाव.

आता इरप्पा नव्हता. मुलगा मल्लिकार्जुन हैदराबादला, त्याची बायको तेजश्री तिथंच. बसवकल्याणच्या घरात बाणूबाई आणि तिचे शब्द, दोघंच. मन्नाएखेळ्ळीच्या बाजूला तूर असायची, ती बघायला दर गुरुवारी ती निघायची. लोक म्हणत, म्हातारी अजून रानावर नजर ठेवून आहे. नजर होतीच, पण त्यासाठी बस होती. ती गाडीत बसायची, मागं मालकिणीसारखी नाही, पुढं, त्या लांब सीटवर, इरप्पाच्या वेळी बसायची तिथंच, आणि हुमनाबादची वाट बघायची. कोकरू बोललं की ती मनात उत्तर द्यायची. हावगेप्पाला त्यातलं काही कळायचं नाही असं तिला वाटत होतं.

त्या दिवशी तुरीत उभी राहिली तरी तूर दिसली नाही. वाटेकरी काहीबाही सांगत होता. तिचं मन फळीच्या आत शिरून बसलं होतं. कोकरू गेलं कुठं? कळपातली घंटी थांबली तर धनगराच्या डोक्यात पहिल्यांदा एकच येतं, चोर. जनावर बसलंय, झोपलंय, हे पुढचं. कारण चोर येतो तो आधी घंटीत गवत कोंबतो. जनावर चालत जातं, मान हलते, घंटी हलते, पण मुकी. तिच्या बापाचा एक एडका असाच गेला होता, आणि सकाळी बापानं पायाचे ठसे बघितले नव्हते, वाटेवर पडलेली गवताची गुंडी शोधली होती. बाणूबाईच्या डोक्यात ती गुंडी आली आणि तिला सगळं उलगडलं. मागच्या आठवड्यात गाडी सायलेन्सरच्या कामाला मौलासाबकडं होती. ह्या मेकॅनिक लोकांना दुसऱ्याचं जुनं काही बघवत नाही. विचारायचं ना सवरायचं, शहाणपणा करून बसला असणार. परतीच्या वाटेवर पुन्हा तो सरळ रस्ता आला, पुन्हा काही नाही, आणि आता तिला दुःखापेक्षा राग बरा वाटला. राग आला की ती तरुण होत असे.

‘हावगेप्पा, घरी न्हाई. मौलासाबकडं घे.’

‘कामून अक्का? गाडी तर ठीक चालायलीय.’

‘तू गाडी चालवायलास का मला?’

मौलासाबचं गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक खड्डा आणि मौलासाबचं तोंड. केसाला मेंदी लावलेला, पोट सुटलेला, आपल्या कामाबद्दल कामापेक्षा जास्त बोलणारा. ह्याच गाडीचं इंजिन आपण डोळे बांधून खोललं होतं असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि बांधताना तीन बोल्ट उरले होते हे सांगायचा नाही. गाडी थांबायच्या आधीच बाणूबाईनं दार उघडलं.

‘काय काढलास गाडीतलं?’

‘सलाम अक्का. सायलेन्सर काढलो, नवा घातलो. फर्स्ट क्लास. आता नवरीसारखी चालायलीय की नै?’

‘वरचं काय काढलास ते विचारायलेय. फळीतलं.’

‘फळीतलं?’ त्यानं हावगेप्पाकडं बघितलं. ‘अक्का, सायलेन्सर खाली राहतो. वरच्या मजल्यावर म्या गेलोच नै.’

‘मेंढरं राखणाऱ्याच्या घरातली हाय मी. घंटीत गवत कोंबून जनावर नेणारे लई बघितलेत. कोकरू कुठं हाय?’

मौलासाबला ते कोकरू माहीत होतं. इरप्पाच्या वेळी त्यानं ते तीनदा दुरुस्त करायचं म्हटलं होतं आणि इरप्पानं तीनदा त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. त्यानं कानाला हात लावले. ‘अल्ला की कसम अक्का, बोट बी लावलो नै. आवाज चोरून म्या काय करू? बिर्याणीत टाकू?’

‘तुझी बडबड कमी पडायली असंल, त्यात मिसळला असशील.’

‘बसा,’ तो म्हणाला. हात पुसले, हावगेप्पाला मागं बसवलं आणि स्वतः गाडी काढली. गावाबाहेर बंगला फाट्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो बोलत होता, आपल्या हातून आजवर एक स्क्रू इकडचा तिकडं झाला नाही, कलबुर्गीचे लोक गाड्या घेऊन आपल्याकडं येतात, इरप्पा अण्णा असते तर त्यांनी असा इल्जाम लावला नसता. मग रस्ता सुधारला, त्यानं वेग दिला आणि बोलता बोलता थांबला. चेहरा उजळला. ‘लो! आलं बघा! आलं की नै?’ त्यानं एक हात सोडून फळीकडं बोट केलं. ‘ओरडायलंय बघा कसं! केबल कोरडी झालीय अक्का, म्हणून काटा बी नाचायलाय. पहिल्यापेक्षा जोरात ओरडायलंय.’ मागून हावगेप्पा पुढं वाकला. ‘व्हय की,’ तो म्हणाला. ‘मन्नाएखेळ्ळीला जाताना बी असंच बोलत होतं.’

काचेच्या आत काटा थरथरत होता. दोन पुरुषांच्या माना एका बाजूला झुकल्या होत्या, बरोबर इरप्पाची झुकायची तशा, आणि दोघं काहीतरी ऐकत होते. बाणूबाईनंही मान झुकवली. बोकड होता. जाऊबाई होती. इंजिन होतं. मौलासाबचा श्वास होता. त्या सगळ्यांच्या मधोमध, जिथं कोकरू असायचं, तिथं काहीच नव्हतं. अंधाऱ्या खोलीत पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पाय नुसता खाली जावा तसं झालं. तिला पहिल्यांदा वाटलं, हे दोघं मिळून थट्टा करायलेत. मग तिनं मौलासाबचं तोंड बघितलं. तो खोटं बोलताना डोळे मोठे करायचा. आत्ता ते बारीक झालेले होते, खुशीनं.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘आता आलं.’

‘मग? म्या काय म्हणलो?’

‘मघाशी ह्यानं गाडी हळू घेतली असंल. बस समजून.’ हावगेप्पा मागं सरकून बसला. तिनं काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. मौलासाब म्हणाला, आलोच आहे तर थोडं ग्रीस मारतो, दोन मिनिटांचं काम, गप होऊन जाईल. ‘हात लावून बघ,’ ती म्हणाली, ‘मग तुला दाखवते,’ आणि तो हसला, जुनी अक्का परत आली म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात बसली होती. दाणे टाकायची सवय इरप्पाची, ती मोडली नव्हती; एरवी ती टाकून आत जायची. समोरच्या तारेवर चिमण्या होत्या. गेली दोन-तीन वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की गावातल्या चिमण्या गेल्या, ते टॉवर उभे केले, पाखरं टिकली नाहीत, सकाळ कशी मेल्यासारखी झालीय. लोक मान डोलवत, म्हणत, व्हय अक्का, कुठं राहिल्यात आता चिमण्या. आणि आता तारेवर ह्या सात-आठ बसल्या होत्या आणि त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. एक दुसरीवर भांडायला धावून गेली, पंख फुगवले, चोच वासली. आवाज नाही. ती किती वेळ बघत बसली होती कुणास ठाऊक. चिमण्या कधी गेल्याच नव्हत्या. मग एकेक गोष्ट आपोआप उठून समोर येऊन उभी राहिली. कुकर शिट्टी देत नाही म्हणून तिनं दुकानदाराला झापलं होतं, रबर बदललं होतं, भात तरी दोनदा करपला होता. शेजारच्या पोरी पैंजण काढून फिरायला लागल्या, आजकालच्या मुलींना काही धरबंध राहिला नाही, असं ती म्हणत होती. आणि तेजश्री. तेजश्रीचा आवाज मुळात बारीक. फोनवर तिला ती म्हणायची, ‘तोंडात घास धरून बोलायलीस का? सरळ बोल की.’ आणि तेजश्री पुन्हा बोलायची, आणि पुन्हा, आणि मग फोन मल्लिकार्जुनकडं द्यायची. अलीकडं ती फोनवर येतच नव्हती. सून तुटली, सून फुगली, असं बाणूबाईनं ठरवून टाकलं होतं.

तिनं फोन लावला. मल्लिकार्जुननं उचलला. ‘अव्वा, काय गं, सकाळी सकाळी?’ त्याचा आवाज भरडा, बापाच्या वळणाचा, तो सगळा आला. ‘तेजश्रीला दे,’ ती म्हणाली. मग फोनमध्ये काहीतरी हललं, खरखरलं. बाणूबाईनं डोळे मिटले. शब्दांची टरफलं येत होती, दाणे कुठंतरी सांडत होते. काही पोरांच्या शाळेचं असावं. ‘व्हय,’ बाणूबाई म्हणाली. ‘बरं. बरं हाय.’ पलीकडं क्षणभर गप्प झालं. पोरीनं काहीतरी विचारलं होतं आणि त्याचं उत्तर ‘बरं हाय’ नव्हतं, एवढं तिला त्या गप्प होण्यातून कळलं. मल्लिकार्जुन परत फोनवर आला. ‘अव्वा, बरी हायस ना? किती दिवस सांगायलोय, इकडं ये. ती गाडी देऊन टाक कुणाला तरी. एकटी कशाला ऱ्हायलीस तिथं?’ सांगावं का? सांगितलं तर तो संध्याकाळपर्यंत येईल, कानाच्या डॉक्टरकडं नेईल, कानात मशीन घालेल, आणि त्या उंच इमारतीतल्या खोलीत नेऊन बसवेल. मग लोक तिच्याकडं पोरांना आवाज ऐकवायला आणणार नाहीत, तिच्याकडं बघून हातवारे करतील, जसे तिची आत्या म्हातारी झाल्यावर सगळे करत, आणि तिनंही केले होते. ‘एकटी कुठं,’ ती म्हणाली. ‘अख्खं गाव हाय.’ आणि फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी हुमनाबाद मागं पडल्यावर हावगेप्पानं खाकरून घसा साफ केला. ‘अक्का,’ तो म्हणाला, ‘कोकरू बोलायलंय.’

तिनं पदर कानावर ओढला. ‘मला काय कान न्हाईत का?’

‘तसं न्हाई. आपलं म्हणलो.’

त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. ‘आज जरा लवकर उठलंय, अक्का.’ त्याच्या पुढं, ‘आज भूक लागल्यावानी करायलंय.’ पंचवीस-तीस वर्षं ‘पुढं सरका’ सोडून प्रवाशांशी काही न बोललेला हा माणूस, आता दर आठवड्याला कोकराची खबर द्यायला लागला. ती उत्तर द्यायची नाही. बाहेर बघायची. तुरीचे पिवळे पट्टे मागं जायचे. पण तिच्या लक्षात आलं होतं की आपण हुमनाबादच्या आधीपासून वाट बघायलो आहोत, हा आज काय म्हणेल याची. आणि ते लक्षात आल्यावर तिला स्वतःचा संताप आला. कोकरू तिचं होतं. ‘तुझं,’ असं इरप्पा म्हणाला होता. आता ते ह्याचं झालं होतं. ह्याच्या कानात रडायचं आणि ह्यानं तिला उष्टं द्यायचं, लहान पोरीला चावून घास द्यावा तसं. तेही तिनं ढकलून नेलं असतं. पण एका गुरुवारी मन्नाएखेळ्ळीच्या चहाच्या टपरीवर ती उतरली आणि टपरीवाला शिवशंकरप्पा, जो कालपर्यंत नाकातल्या नाकात बोलायचा, तो रस्त्याच्या पलीकडं ऐकू जाईल असा ओरडला, ‘अक्का! साखर कमी का जास्त?’ बाकावरच्या दोघांनी वळून बघितलं. हावगेप्पानं पटकन चहाच्या ग्लासात डोकं घातलं. तिला सगळं कळलं. त्यानं सांगितलं होतं. वाईट बुद्धीनं नाही, हळहळून; ते जास्त वाईट.

‘बहिऱ्या, ओरडायलास कामून?’ ती शिवशंकरप्पाला म्हणाली. ‘विना साखरेचा दे. तुझं तोंड बघितलं की गोड लागतोय.’ बाकावरचे हसले. ती हसली नाही. परतीच्या वाटेवर हावगेप्पानं घसा साफ केला, आणि तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, ‘गाडी मौलासाबकडं घे.’

‘काढ ते,’ तिनं मौलासाबला सांगितलं.

‘काय काढू?’

‘कोकरू.’

मौलासाबनं खाली ठेवलेला पाना उचलला, परत ठेवला. ‘अक्का, सोचून बोला. अण्णांचं कोकरू हाय ते. मी तीनदा म्हणलो तर अण्णा—’

‘अण्णांचं तू मला सांगू नको. मालकीण मी हाय. काढ म्हणलं की काढ.’

तो खाली वाकला, फळीच्या मागं हात घातला, बडबड करत राहिला. ती स्टुलावर बसून बघत होती. तिला वाटलं होतं काहीतरी निघेल, मोठं, गुंतलेलं, इतकी वर्षं बोलणारं काहीतरी असायला हवं. त्यानं नळीतून ओढून एक काळी बारीक तार बाहेर काढली, मेंढीच्या आतड्यासारखी लांबत गेली, बस. तो ती कापडानं पुसत होता, ग्रीसमध्ये बोटं बुडवून वरपासून खालपर्यंत माखत होता. ‘एवढीच?’ तिनं विचारलं. ‘एवढीच, अक्का. फिरत राहते, कोरडी झाली की ओरडते. अजून काय राहणार?’ त्यानं ती परत नळीत सारली. मौलासाबचे हात लोण्यात बुडवल्यासारखे चकाकत होते. बाणूबाई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, ‘बोल्ट उरला न्हाई ना?’

आठवडाभर तिनं गाडीकडं बघितलं नाही. गुरुवारी हावगेप्पा आला. बसवकल्याण सुटलं, बंगला फाटा गेला, हुमनाबाद आलं, गेलं. रस्ता सरळ झाला. गाडीनं वेग धरला. काचेतला काटा वर चढला आणि गुमान एका जागी थांबला. तिच्या कानाला काही फरक पडला नव्हता. ही गाडी आणि मागच्या आठवड्यातली गाडी एकच होती. बोकड कण्हत होता, जाऊबाई खळखळत होती. असंच व्हायला हवं होतं. आता कुणाला तिच्यापेक्षा जास्त ऐकू येत नव्हतं. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून हावगेप्पाकडं बघितलं. त्यानं घसा साफ केला. ती थांबली. तो काही बोलला नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना. पुढं बघत राहिला, दोन्ही हात स्टेअरिंगवर, ओठ मिटलेले, आणि बाणूबाईला एकाएकी गाडी फार मोठी वाटायला लागली, त्या लांब सीटवर तिच्या आणि त्याच्या मधल्या जागेत एक माणूस सहज बसला असता. दोन गावं गेली. एक ट्रक गेला, त्याचा धबधबा छातीत लागला, विरला. तिला कळलं की ती वाट बघायलीय. कोकराची नाही. ते तर कधीच गेलं होतं. ती त्या खाकरण्यानंतरच्या ‘अक्का’ची वाट बघायलीय.

‘हावगेप्पा.’

‘ओ, अक्का.’

‘मला ऐकू येत न्हवतं ते.’

त्याचा पाय ब्रेकवर गेला, रस्त्यात कुणी नसताना. मग उठला. ‘ठाऊक हाय, अक्का.’

‘तुला ठाऊक हाय हे मला ठाऊक हाय. ते न्हाई विचारायलेय.’ पुढचं वाक्य तिच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं, तोंडाला त्याची वाट माहीत नव्हती. ‘शेवटी शेवटी ते कसं बोलायचं, करून दाखव की.’

‘म्या?’

‘मग काय गाडी करणार हाय?’

हावगेप्पानं इकडंतिकडं बघितलं. त्याचे कान तांबडे झाले. मग त्यानं तोंड उघडलं आणि ‘बॅंऽ’ केलं.

‘तुझ्या बापाचा बोकड हाय का ते?’ ती म्हणाली. ‘बारीक.’

‘ईंऽ,’ त्यानं केलं.

‘ही तर म्हस. आणखी बारीक. दातातनं कर.’

तो दातातून शीळ काढायला लागला. जाड निघाली, मग फुटली, मग जरा सुधारली. ‘चुलीवरच्या ओल्या लाकडावानी करायलास,’ ती म्हणाली, ‘बारीक कर की रे, आणखी,’ आणि तो मान पुढं काढून, रस्त्यावर नजर ठेवून, गाल आत ओढून शीळ चढवत गेला. ती मान डावीकडं झुकवून ऐकत होती. शीळ सुतळीएवढी झाली, दोऱ्याएवढी झाली, कोळ्याच्या तंतूएवढी झाली. मग हावगेप्पाचे ओठ तसेच आवळलेले होते, गळ्याची शीर तट्ट फुगली होती, तो जीव लावून वाजवत होता, आणि बाणूबाईपर्यंत काहीच येत नव्हतं.

‘हां,’ ती म्हणाली. ‘तेच. थांबू नको.’